सुट्ट्या मण्यांचं कॉकटेल

फेब्रुवारी अर्धा सरला की आण्णांचा फोन येतोच. "बाळ, उद्या माल तुटणार हाय, दुपारच्याला कुणाला तरी लावून दे." माहेर तासगाव साइडला आणि मी सांगलीत विश्रामबागला, त्यामुळं अंतर काही फार नाही, हे ऑफिसातनं आले की गाडी काढायची आणि जायचं. व्यापाऱ्याची माणसं द्राक्षाचे घड कापतात, साफ करतात, पेट्या भरतात आणि या सगळ्यात घडातनं मणी सुटून खाली पडत राहतात. पेटीत घड लागतो, सुट्टा मणी चालत नाही, म्हणून त्याला भाव नाही. पण गोडी तीच ना! ऑक्टोबरच्या छाटणीपासनं चार-साडेचार महिने ज्या मण्यासाठी घरातल्या सगळ्यांनी रात्री-अपरात्री आभाळाकडं बघितलंय, तो नुसता देठातनं सुटला म्हणून कमी कसा होईल? असे चार-पाच किलो मणी घरी येतात, आणि माझं कॉकटेल त्यांच्यापासनं सुरू होतं.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी आधीच सांगते, आमच्याकडं कॉकटेल म्हणजे दारूचा काही संबंध नाही. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडं कोल्ड्रिंक हाऊसमध्ये कॉकटेल मागितलं की उंच ग्लासात बारीक चिरलेली फळं, जेली, गार घट्टसर दूध, वर आइस्क्रीमचा गोळा आणि काजू-बेदाणे असं समोर येतं, निम्मं चमच्यानं खायचं आणि निम्मं प्यायचं. द्राक्षाचे पैसे हातात आले की आण्णा आम्हा भावंडांना सांगलीला घेऊन यायचे आणि एकेक ग्लास द्यायचे, त्यांचा स्वतःचा ग्लास मात्र ते चमच्यानं आधी ढवळून बघायचे, त्यात द्राक्ष किती आहे ते. दोन, फार तर तीन मणी निघायचे, बाकी सगळं डब्यातलं. द्राक्षाच्या गावात द्राक्षच नाही हे मला तेव्हापासनं खटकतं.

डब्यातल्या फ्रूट कॉकटेलचं नंतर मी वाचलं. अमेरिकेत त्याला सरकारी प्रमाणच ठरवून दिलंय, पीच ३० ते ५० टक्के, नाशपाती २५ ते ४५, द्राक्षं ६ ते २०, अननस ६ ते १६ आणि चेरी २ ते ६. म्हणजे मुळातच तो पीच-नाशपातीचा पदार्थ, ती फळं त्यांच्याकडं भरपूर पिकतात म्हणून त्यांनी ती घातली, बरोबरच केलं. मग आपण आपली का घालू नयेत? गंमत म्हणजे त्या डब्यात द्राक्ष असतं ते बहुतेक थॉम्पसन सीडलेस, कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन नावाच्या शेतकऱ्यानं १८७० च्या दशकात तिकडं लावलेलं, आणि आमच्या तासगावचं तास-ए-गणेश हे त्याच थॉम्पसनमधनं निवडून काढलेलं वाण. एकाच घरातली दोन पोरं, एक डब्यात गेलं आणि एक आण्णांच्या मांडवावर.

तर माझ्या कॉकटेलमध्ये सगळ्यात जास्त द्राक्षच असतं. आठ जणांसाठी सांगते. पाव किलो हिरवी आणि तेवढीच काळी द्राक्षं, एक मोठं डाळिंब (जत-आटपाडीकडचं भगवा मिळालं तर बघायलाच नको), एक सफरचंद, दोन चिकू, दोन केळी, अननसाच्या चार चकत्या आणि दहा-बारा स्ट्रॉबेऱ्या. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची, वाईवरनं येणाऱ्या कुणालाही मी एक बॉक्स आणायला सांगते, आणि हे सगळं एका वेळी चांगलं मिळतं ते फेब्रुवारीच्या मध्यापासनं मार्चपर्यंतच. मे महिन्यात कॉकटेल करायचं म्हणलं तर आंब्याचं वेगळं करावं, त्यात ही फळं ओढून आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

द्राक्षं मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग दोन-तीन वेळा नळाखाली चोळून धुवायची. मण्यावर पांढरट पावडरीसारखं दिसतं ते सगळंच औषध नसतं बरं का, तो द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो, पण धुवायचं ते धुवायचंच. मग प्रत्येक मणी उभा अर्धा कापायचा. इथं लोक कंटाळा करतात आणि अख्खी घालतात, मग काय होतं, द्राक्ष चमच्यातनं निसटतं आणि त्याची गोडी दुधात उतरत नाही. आणि बाकीची सगळी फळं त्या अर्ध्या मण्याएवढीच चिरायची, मोठी नाहीत आणि किसासारखी पण नाहीत, म्हणजे एका चमच्यात चार-पाच फळं एकदम येतात. कॉकटेल आणि फ्रूट सॅलड यात मला तरी हाच फरक वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळं एकत्र करून ठेवायची नाहीत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि प्रत्येकाला वेगळं भांडं लागतं, भांडी जास्त पडतात हे मान्य पण इलाज नाही. सफरचंद चिरल्या चिरल्या लिंबू पिळलेल्या पाण्यात, नाहीतर हवा लागून ते काळं पडतं. स्ट्रॉबेरी चिरून त्यावर दोन चमचे साखर घालून अर्धा तास झाकून ठेवायची, साखर रस ओढून बाहेर काढते आणि खाली लालभडक पाक जमतो, तो टाकायचा नाही, तोच ग्लासच्या तळाला घालायचा. चिकू आणि केळी अगदी वाढायच्या वेळी. आणि अननस शिजवूनच.

अननसावर मी जास्त बोलणार आहे कारण त्यानं मला रडवलंय. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी हळदीकुंकवाला चाळीस-एक बायका येणार होत्या आणि मी मसाला दुधाऐवजी कॉकटेल करायचं ठरवलं, सगळ्यांना सांगून पण बसले. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं, कस्टर्ड केलं, गार केलं आणि सकाळी अकरालाच सगळी फळं त्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, अननस बाजारातनं ताजा आणलेला, गोड, पिवळाधमक. चार वाजता चव बघितली तर कडू! नुसतं कडू नाही, घशात उतरेना असं कडू, आणि दूध पण पातळ होऊन फुटल्यासारखं. मला वाटलं दूध नासलं, दूधवाल्याला पण मनातनं बोलून घेतलं. ते सगळं ओतून द्यावं लागलं आणि जाऊबाई शब्द न बोलता उठल्या, समोरच्या डेअरीतनं दूध आणलं, बदाम-वेलदोडा कुटला आणि पावणेसहाला मसाला दूध तयार केलं. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

नंतर कळलं की ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतं आणि ते बारके तुकडे चवीला कडू लागतात. पपईत तसंच पपेन असतं, किवीतही तसलंच एक असतं, म्हणून ही तिन्ही कच्ची दुधात नकोत. तापवलं की एन्झाइम मरतं. डब्यातला अननस दुधात कडू होत नाही तो त्यामुळंच, डबा भरताना तो तापवलेला असतो. आपण घरी काय करायचं, अननसाचे तुकडे तीन चमचे साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून पाच-सात मिनिटं चांगले उकळायचे आणि पूर्ण गार करायचे. चव थोडी बदलते पण वाईट नाही लागत, आणि त्याचा पाक पण वापरता येतो. त्यानंतर आजपर्यंत माझं एकदाही बिघडलं नाही.

दूध एक लिटर, म्हशीचंच, थोडं आटवून घ्यायचं. तीन मोठे चमचे कस्टर्ड पावडर अर्धी वाटी गार दुधात गुठळ्या न होऊ देता कालवायची आणि उकळत्या दुधात घालून चार-पाच मिनिटं ढवळत राहायचं. ही पावडर म्हणजे मुळात मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिला. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती काढली ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून, आणि आज आमच्या जैन शेजारणीकडं पण निर्धास्त चालते, याचं मला फार बरं वाटतं. साखर सहा चमचे बास, फळांची गोडी नंतर येतेच. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, तेव्हा गॅसवर असताना पातळ वाटलं तरी घाबरून पावडर वाढवायची नाही. फळं घालताना दूध एकदम गार पाहिजे, कोमट दुधात आंबट फळ पडलं की फाटायची भीती.

जेली मी काळ्या द्राक्षांच्या रसाची करते. विकतच्या जेलीत बऱ्याचदा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासनं येतं, म्हणून मी चायना ग्रास घेते, ते समुद्री शेवाळाचं. पाच ग्रॅम चायना ग्रास दीड वाटी पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, चार चमचे साखर, मग गॅस बंद करून त्यात एक वाटी काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस, तो गार नको, रूम टेम्परेचरला असू दे. रस आधीपासनं उकळला तर आंबटपणामुळं जेली नीट धरत नाही. ताटात ओतून ठेवलं की फ्रीज नसला तरी तासाभरात सेट होते, उन्हाळ्यात लाइट गेली तरी चिंता नाही. रंग असा येतो की त्यात दुसरा काही रंग घालावा वाटत नाही. मग सुरीनं चौकोनी तुकडे, ते पण मण्याएवढेच.

आता आमच्या सासूबाईंचं. "अगं, दुधात फळं घालत्यात व्हय?" हे त्या पहिल्या वर्षापासनं म्हणतात. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळं विरुद्ध मानतात आणि त्यांनी आयुष्यभर ते पाळलंय, त्यांना वाद घालून पटवावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्यासाठी वेगळा ग्लास असतो, त्यात दुधाऐवजी हिरव्या द्राक्षांचा ताजा रस, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, भिजवलेला सब्जा आणि तीच सगळी फळं, केळं-चिकू सोडून. खरं सांगू का, गेल्या वर्षी कडक ऊन होतं तेव्हा घरातल्या निम्म्या लोकांनी हाच ग्लास मागितला. या ग्लासात अननस कच्चा पण चालतो, दूध नाही ना.

ग्लास भरताना तळाला स्ट्रॉबेरीचा पाक, मग जेली, मग सगळी फळं मिसळून निम्म्याच्या वरपर्यंत, त्यावर गार कस्टर्ड, ते फळांमधनं खाली उतरू द्यायचं आणि मग परत थोडं ओतायचं. आइस्क्रीम घालायचं तर साधं व्हॅनिला, मुलं हट्ट करतात म्हणून मी घालते, मला स्वतःला नको वाटतं. उरलं तर कस्टर्ड वेगळं, फळं वेगळी ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक राहतं, एकत्र केलेलं मात्र त्याच दिवशी संपवा.

वरून बेदाणे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण माझे बेदाणे आण्णांच्याच शेडवरचे, मागच्या सीझनला जो माल व्यापाऱ्यानं उचलला नाही त्याचे केलेले, चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर होतात. ते मी सकाळीच त्या सुट्ट्या मण्यांच्या रसात भिजत घालते. संध्याकाळपर्यंत फुगून टम्म होतात, मागच्या वर्षीचं द्राक्ष या वर्षीच्या रसात. आण्णांना ग्लास दिला की आता ते आधी ढवळून बघत नाहीत, वरचे बेदाणे तेवढे पहिल्यांदा खातात आणि विचारतात, "हे विहिरीकडच्या प्लॉटातलं न्हवं?"