तुम्ही विचारलंत म्हणून: आपलीच फौज लुटारू का?

'नागपूरचा असून नागपूरच्याच फौजेला खेळात लुटारू काऊन केलं?' हे मला लग्नात विचारतात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारतात. खेळ म्हणजे टेबलावरचा भूमिका-खेळ: जग मी रचतो, गोष्ट मी सांगतो, मित्र त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकतात. एकदा नीट सांगून टाकतो.

इंग्रजांना का नाही केलं, म्हणता? केलं की. सीताबर्डीची १८१७ ची लढाई आम्ही टेकडीसकट खेळलो. सगळे खूश होते, कुणी एक प्रश्न विचारला नाही.

मग मी बंगालकडे वळलो. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून वर्षानुवर्षं तिकडे जात होत्या. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने सालाची १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्याकडे ही गोष्ट इथे संपते. बंगालमध्ये ती अंगाईत उरली आहे: बारगी (म्हणजे आपले बारगीर, मराठा स्वार) आलेत, धान पाखरांनी खाल्लं, सारा कुठून भरायचा? कलकत्त्याने तर या भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. त्याला मराठा खंदकच म्हणत. हे वाचल्यावर नुसते ड्रॅगन आणि बुरूज रचत बसणं मला जमेना.

खेळाडूंना मी बारगीरच केलं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीराचा सरकारी. माझ्या जगातली जादू एवढ्यावरच उभी आहे: पागेतला घोडा स्वाराचं नाही, पागेचं ऐकतो. स्वाराला दया आली तरी घोडा मागे फिरत नाही.

एका रविवारच्या खेळात नदीकाठचं एक गाव होतं. नवाबाचा वसूल त्यांनी नुकताच भरलेला. माझा सर्वांत जुना मित्र पथकाचा नायक होता. तो नागपूरच्या महाल भागातला, त्याच्या देवघरात पूर्वजाची तलवार आहे, दसऱ्याला तिची पूजा होते. एका विणकर म्हातारीने त्याच्या पात्राला विचारलं, 'लेकरा, घोडा तुझा आहे का रे?' तो हसला. वसुलीसाठी वीस बाजूंचा फासा टाकला. वीस पडले, याहून मोठं यश नाही. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मग ते यश कसं दिसतं ते मी सांगत गेलो: कणग्या रिकाम्या, बियाण्याचं धानही पोत्यात, मागावरचं अर्धं लुगडं कापून घेतलेलं. हे मी घाईने सांगितलं नाही. मुद्दाम हळू सांगितलं.

त्याने फासा खिशात घातला. 'माझे पूर्वज चोर होते असं म्हणून राहिला का तू?' मी म्हटलं, 'नाही. ते बारगीर होते.' तो चप्पल घालून निघाला तो आजतागायत आमच्या खेळाला आलेला नाही. त्याच्या आईने फोनवर मला एवढंच विचारलं, 'काय झालं रे बाळा तुमचं?' मला सांगता आलं नाही.

मी भोसल्यांचा द्वेष्टा नाही. याच नगरात वाढलो, मारबतीच्या पुतळ्यामागे 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत धावलो. पण ती पीडा गावाबाहेर कुणाच्या दारात जाते, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो, आणि जगं रचायला मी त्यातूनच लागलो.

पूर्वी मी ठासून सांगायचो की लोक आठवडाभर राबून दोन घटका खेळायला येतात, त्यांना त्यांच्याच घराण्याचा हिशेब दाखवू नये. ते म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. त्या म्हातारीला गप्प बसवणंही जमत नाही.

खेळाचा पुढचा भाग बंगालमधल्या मनकरा या ठिकाणचा आहे. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांना बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि मारलं. तिथे आपली माणसं दग्याने पडतात, तेही मी तितक्याच हळू सांगणार आहे. मित्राला तारीख कळवली आहे. त्याने मेसेज वाचलाय.