रखमा तलवार चोरत नाही

लग्नाकार्यात एकदा तरी हा प्रश्न येतोच. परवा विहीणबाईंनी विचारला, त्याआधी ऑफिसातल्या दोघींनी, आणि एकदा तर दाढ काढताना डॉक्टरांनी. (तोंड उघडं असल्यामुळे त्यांना उत्तर मिळालं नाही.) प्रश्न असा: "तुम्ही म्हणे रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळता. त्यात कोणीतरी दुसरीच बाई होता म्हणे. काय मिळतं त्यातून?"

माझं वय ४२. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. हातात जिलबी घेऊन द्यायचं हे उत्तर नव्हे. तर तुम्ही विचारलंत म्हणून.

गेमचं नाव स्कायरिम, २०११ सालचा. बर्फाचा मुलूख, ड्रॅगन, तलवारी. सुरुवातीला वंश, चेहरा आणि नाव तुम्हीच ठरवायचं. मी नाव टाकलं रखमा. रखमा लोहाराची विधवा. नवरा गेला, भट्टी दिराने बळकावली, म्हणून ती वाटेला लागली. हातोडा चालवते, मंत्रतंत्राला हात लावत नाही, आणि जिच्या हातचं खाल्लं तिच्या घरातून काही उचलत नाही. यातलं एक अक्षरही गेमला माहीत नाही. त्याच्या लेखी रखमा म्हणजे ताकद इतकी, चिलखत इतकं, वजन इतकं. बाकीची रखमा माझ्या डोक्यात राहते.

माझा भाचा डिप्लोमाला आहे. शेजारी बसून बघतो आणि वैतागतो. "मावशी, कोण बघायलंय तिथं? घे की ती तलवार!" बरोबर आहे त्याचं. कुणी पाहिलं नाही तर पहारेकरी धरत नाहीत, आणि तलवार खरंच चांगली होती. पण रखमा ती घेणार नाही. नकाशावर बोट ठेवून एका क्षणात दुसऱ्या गावी पोचायची सोय आहे, तीही ती वापरत नाही, चालत जाते. रात्री झोपते, दोन वेळा जेवते. गेम यातलं काही मागत नाही. भाच्याच्या मते मी गेम चुकीचा खेळते.

माझ्या मते आमच्या दोघांतला फरक इथेच आहे. तो जिंकण्यासाठी खेळतो, आकड्यांची जुळणी करतो. त्यातही मोठं कसब आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण भूमिका घेणं म्हणजे फायद्याची गोष्ट समोर असताना 'ही असं करणार नाही' म्हणून ती सोडून देणं. वेशभूषा, आवाज हे सगळं त्यानंतर.

लहानपणी आमच्या चाळीत बहुरूपी यायचा. खाकी कपडे, शिट्टी, हातात जुनी वही. दारात उभा राहून ओरडायचा, "चला चौकीवर! लग्नात आम्हाला जेवायला बोलावलं नाही, वॉरंट आहे!" मी आजीच्या मागे लपायची. वडील रात्रपाळी करून आलेले, तरी हात जोडून उभे राहायचे, "साहेब, चूक झाली" म्हणायचे. सगळ्या चाळीला माहीत होतं, हा पोलीस नाही. एकदा आईने चहा पुढे केला. मे महिना, सोलापूरचं ऊन, पायात झिजलेली चप्पल. त्याने कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ड्यूटीवर चहा चालत नाही, बाई." वडील नंतर म्हणाले, खरा पोलीस असता तर दोन कप प्याला असता. पण तो प्याला नाही. बिदागी न्यायला दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत आला, तेव्हा प्याला. रखमाने ती तलवार भिंतीवरच ठेवली, तेव्हा मला तो कप आठवला.

या प्रकाराचं मूळ कागद-फाशांच्या खेळात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या पात्राने काय केलं ते बोलायचं. पुढे ते कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा आकडे सहज आले, माणूस मागे राहिला. मला त्यातला १९८५ सालचा अल्टिमा ४ फार आवडतो. तो बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने त्यात मारायला कुणी मोठा राक्षसच ठेवला नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे. त्यात औषधी वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. पैसे किती दिले ते तुम्हीच टाकायचं. कमी दिले तरी ती बोलत नाही. गेम मात्र गुपचूप आपल्या वहीत तुमचा प्रामाणिकपणा कमी करतो. हिशेबनिसाच्या अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे ही. स्कायरिममध्ये अशी वही नाही, म्हणून रखमाची वही मी ठेवते.

भाचाही भूमिका घेतो, फक्त त्याला ती भूमिका वाटत नाही. जीटीए ५ हा शहरात गाड्या पळवायचा, गुन्हेगारीचा गेम. त्याचे काही सर्व्हर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन जागा, खेळाडूंनीच असे बनवलेत, की तिथे कुणी टॅक्सीवाला, कुणी पोलीस, कुणी डॉक्टर. माईकवर पात्र म्हणूनच बोलायचं, आणि बाहेरून कळलेली गोष्ट पात्राला माहीत आहे असं वागायचं नाही. हा तिथे मेकॅनिक आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून परवा तासभर गॅरेजात नुसता उभा होता. दिवसा मेकॅनिकल डिप्लोमा, रात्री गॅरेज! मी हसले तर म्हणाला, "मावशी, दुकान उघडं ठेवावं लागतं की." पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. तिथे तेही आणतात.

हे खोटं जगणं नाही का, असं ऑफिसात एकीने विचारलं. आमचे शेठ फोनवर गुजरातीत बोलतात, माझ्याशी मराठीत, मागावरच्या माणसांशी तेलुगूत. तीन भाषांत तीन वेगळे शेठ. तेलुगूतले शेठ जास्त हसतात. त्यांना कोणी खोटं म्हणत नाही. आणि रखमामुळे मी सुधारले वगैरेही काही नाही. मध्ये महिनाभर एक पाकीटमार घेऊन खेळले. दिवसभर लोकांच्या पै-पैचा ताळा जमवायचा आणि रात्री खिसे कापायचे. मजा आली, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. स्कायरिममध्ये डोंगराच्या माथ्यावर पार्थुर्नाक्स नावाचा म्हातारा ड्रॅगन राहतो. पूर्वी त्याने माणसांवर अत्याचार केले, मग पालटला, वाट दाखवणारा झाला. तुमच्याच बाजूचे लोक सांगतात, त्याला मार, नाहीतर आमची मदत बंद. नाही म्हणायची सोय गेमने ठेवलेली नाही. मारायचं, किंवा ते काम गेममधल्या कामांच्या यादीत तसंच पडू द्यायचं. कितीतरी खेळाडूंनी ते तसंच सोडलंय. मार्च एंडला एक रुपया जुळेना म्हणून रात्री अकरापर्यंत बसणारी मी, माझ्याही यादीत ती ओळ चार वर्षं उघडी आहे.

खेळाडूंनीच त्यावर एक मॉड, म्हणजे गेममध्ये वरून टाकायचा बदल, केलाय, तो टाकला की स्पष्ट नकार देता येतो. भाचा म्हणाला, "टाकून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे. यादी साफ होईल तुझी."

मी म्हटलं, राहू दे. रखमा तेव्हा पावसात गेममधल्या व्हाइटरन गावाच्या वाटेवर होती, आणि तिला अजून बरंच चालायचं होतं.