आमची वाटचाल: ब्रेक पाइप, फ्लेअर आणि घरच्या घरी काढायची हवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि मोटार गॅरेजं एकमेकांना खेटून आहेत. ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणाऱ्या धातूच्या पाइपचं आमचं छोटं वर्कशॉप तिथलंच. सुरुवातीला काम सरळ होतं. गॅरेजवाला गंजून फुटलेला पाइप आणून द्यायचा आणि आम्ही त्याच मापाचा नवा करून द्यायचो. आता ऑर्डरचा मोठा भाग जुनी जिप्सी, जीप किंवा मारुती 800 स्वतःच्या हातानं नीट करणाऱ्यांकडून येतो. त्यांना नुसता पाइप देऊन भागत नाही, म्हणून आमचा माल बदलत बदलत पूर्ण सेटपर्यंत आला.

पहिला बदल धातूचा. कंपनीचा स्टीलचा पाइप दुहेरी भिंतीचा आणि चांगला मजबूत असतो, पण कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी चिखलात तो क्लिपखाली गंजतो. वरून पाइप ठणठणीत दिसतो. क्लिप काढून स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं की पापुद्रे निघतात. मागच्या अॅक्सलवरचा आणि पेट्रोल टाकीजवळचा तुकडा आधी तपासावा, कारण चिखल तिथेच साठून राहतो. रत्नागिरी, मालवण, गोवा भागातल्या गाड्यांसाठी आम्ही क्युप्रो-निकेलकडे वळलो: सुमारे 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल आणि थोडं लोखंड-मँगनीज. बाहेरचा व्यास 4.75 मिमी, भिंत 0.7 मिमी. हा पाइप मिठाला दाद देत नाही आणि हातानंही वाकतो. फ्रिज-एसीची तांब्याची नळी लावून द्या, अशी मागणी अजून येते. ती आम्ही घेत नाही. जोरात ब्रेक मारला की लाइनमध्ये 100 बारच्या आसपास दाब जातो, आणि शुद्ध तांबं सततच्या कंपनानं कडक होत जाऊन चिरतं.

खरी गोम पाइपच्या टोकाला असते. मारुतीसारख्या जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुधा डबल फ्लेअर असतो, म्हणजे टोक आत दुमडून 45 अंशांचं नरसाळं केलेलं. बऱ्याच युरोपीय गाड्यांत बबल फ्लेअर असतो, बटणासारखा फुगीर. दोन्हींचा नट M10×1 (10 मिमी व्यास, आट्यांत 1 मिमी अंतर) असू शकतो आणि आटे बिनबोभाट बसतात, पण आतली बैठक, म्हणजे पाइपचं टोक जिथे टेकून सील होतं ती जागा, जुळत नाही. मग माणूस नट आवळत राहतो, गळती थांबत नाही, आणि शेवटी बैठकच खराब होते. अँबॅसेडरसारख्या इंची आट्यांच्या गाडीचा घोळ वेगळा. 3/8 इंची, इंचाला 24 आट्यांचा नट म्हणजे 9.5 मिमीचा. तो M10 च्या भोकात जरा ढिलाच बसतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि दाब आला की आटे सोलून निघतो. म्हणून आम्ही गाडीच्या नावावर पाइप बनवत नाही. जुन्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मागतो.

फ्लेअर घरी करायचा असेल तर पाइप कटरनं कापा. हॅक्सॉनं तोंड तिरकं होतं आणि भुसा आत जातो. आतली-बाहेरची धार काढा, बाहेरून किंचित उतार द्या, मग नट आधी ओवा. (फ्लेअर झाल्यावर नट बाहेरच राहिला, हे टूल विकत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत होतं.) पकडीतून पाइप डायच्या पायरीइतकाच बाहेर ठेवायचा. जास्त ठेवला तर घडी तिरकी पडते, कमी ठेवला तर ओठ अरुंद होतो. डायला ब्रेक ऑइलचा थेंब लावा. आधी टूलमधलं बटण (बटणासारखा गोल तुकडा) दाबून फुगवटा, मग बटण काढून शंकूनं आत दुमडायचं. तयार टोक उजेडात फिरवून बघा. ओठ सगळीकडे सारख्या जाडीचा हवा आणि कडेला केसाइतकीही चीर नको. चीर दिसली की टोक कापून पुन्हा करायचं. टेफ्लॉन टेप गुंडाळून निभावून न्यायचं नाही, कारण इथे सील आटे करत नाहीत, बैठक करते. कॉम्प्रेशन जॉइंटलाही (पाइपवर रिंग आवळून केलेला जोड) ब्रेकच्या लाइनवर जागा नाही.

नंतर होज, म्हणजे पाइप आणि चाक यांच्यामधल्या लवचिक नळ्या, आले. तारेच्या वेणीचा, आत टेफ्लॉन असलेला होज दाबाखाली कमी फुगतो, त्यामुळे पेडल घट्ट लागतं. गाडी थांबायचं अंतर मात्र टायर, पॅड आणि रस्ता ठरवतात, हे आम्ही गिऱ्हाइकाला विकण्याआधीच सांगतो. मूळचा रबरी होज बदलायचा असेल तर आयएस 7079 (ब्रेक होजचं भारतीय मानक) च्या शिक्क्याचा नवा रबरी होजही पुरेसा आहे. जुना रबरी होज आतून सुजला तर तेल पुढे जातं पण परत येत नाही, एक चाक धरून राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते. पुष्कळ जण तेव्हा विनाकारण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलतात. तारेचा होज घ्यायचाच तर वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या, नाहीतर वेणीत रेती अडकून ती शेजारच्या भागावर कानशीसारखी चालते. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि चाक लोंबतं सोडून बघा. पीळ पडता कामा नये, ताणही नको.

सेटसोबत आम्ही कागद द्यायला लागलो तो ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा कशी काढायची, हे विचारणाऱ्या फोनमुळे. पाइप बरोबर, जोड कोरडे, तरी पेडल स्पंजासारखं, अशी तक्रार सारखी यायची. त्या कागदातला मजकूर इथे देतो.

आदल्या दिवशी निपल (चाकाजवळचा, हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) आणि नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नटाला साधा फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नट पाना घ्या, बहुतेक ठिकाणी 10 मिमीचा. पाइप बदलायचाच असेल आणि नट हलत नसेल तर पाइप नटाजवळ कापून सहा कोनी सॉकेट लावा. लाइन उघडण्याआधी पेडल काठीनं दोन-तीन सेंटिमीटर दाबून अडकवलं, तर मास्टर सिलिंडरमधलं (पेडलच्या जोरानं तेलाला दाब देणारा भाग) भोक झाकलं जातं आणि टाकीतलं तेल वाहून जात नाही. घट्ट करताना पाइपचा नट साधारण 15 न्यूटन-मीटर, निपल 8 ते 10. बँजो बोल्टला (होजचं गोल कड्याचं टोक धरणारा पोकळ बोल्ट) दर वेळी नवे तांब्याचे वॉशर.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, सीलबंद. नुसतं बदलायला छोट्या गाडीला अर्धा लिटर पुरतं, पण लाइन रिकाम्या केल्या असतील तर एक लिटर जवळ ठेवा. डॉट 3, डॉट 4 ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. डॉट 3 कोरडं, म्हणजे पाणी न शोषलेलं, असताना किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230 पर्यंत. पाणी शोषलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. घाटात उतरताना पेडल खाली जायचं एक कारण हे. उघडून ठेवलेली जुनी बाटली म्हणूनच वापरायची नाही. सिलिकॉनचं डॉट 5 यांच्यात कधीच मिसळू नका.

पुढे-मागे अशी विभागलेली लाइन असेल तर सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिरक्या विभागणीच्या गाडीत (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) मॅन्युअलचाच क्रम. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव फेरा उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं की हवा परत आत जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या भागात गंज असतो आणि पेडल तळाला नेलं की त्यावर रबर फाटतं. टाकी मिनिमम रेषेखाली जाऊ देऊ नका. रंगावर तेल सांडलं तर लगेच पाणी ओता.

तरीही पेडल मऊच राहिलं तर ड्रमचे लायनर आधी अॅडजस्ट करा, पुष्कळदा हवा नसतेच. मग निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला की निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) असलेल्या गाडीत मागची चाकं लोंबती ठेवू नका. अॅक्सलखाली घोडी लावून वजन त्यावर घ्या, नाहीतर मागे तेल पुरेसं जात नाही. व्हॅक्यूम पंपानं काढताना न संपणारे बुडबुडे बहुधा निपलच्या आट्यांतून येतात, लाइनमधून नव्हे. झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबा आणि प्रत्येक जोड पांढऱ्या कागदानं पुसा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. गाडी रस्त्यावर काढायची नाही.

एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि आमचा कागद बदलला. साधं ऑइल बदलणं त्यातही घरी जमतं. पण एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर आतले व्हॉल्व्ह आणि पंप स्कॅनरनं (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) चालवावे लागतात. अशा गाडीचा पाइप आम्ही बनवून देतो, हवा मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच काढायला सांगतो.

ऑर्डर देताना जुन्या पाइपवर सुतळी धरून लांबी मोजा, वळणं धरून. तुटका पाइपही फेकू नका. दोन्ही टोकांचे आणि नटांच्या आट्यांचे फोटो पट्टीशेजारी ठेवून पाठवा, आणि होजचं टोक नटाचं आहे की बँजोचं ते लिहा.