बेल एअरचे डोळे

काकांची १९५६ची शेवरले बेल एअर मूळची अमेरिकन, डाव्या स्टिअरिंगची. तिच्या सील्ड बीमचा, म्हणजे काच, आरसा आणि तार एकत्र बंद असलेल्या दिव्याचा, लो बीम (खालचा, जवळचा झोत) उजवीकडे झुकलेला. आपल्याकडे उजवीकडून समोरची गाडी येते, म्हणजे झोत थेट तिच्याकडे. नुसते स्क्रू फिरवून हे सुटत नाही, कारण झोताचा आकार काचेतच असतो.

त्या सात इंची गोल दिव्याच्या जागी अँबॅसेडरचा एच-फोर, म्हणजे बदलता येणाऱ्या हॅलोजन बल्बचा दिवा, बसतो. काच घेताना त्यावरचा बाण बघा: समोरून पाहताना उजवीकडे रोखलेला हवा. युरोपीय काचेवर बाणच नसेल तर ती उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांची. दुकानदार 'सगळ्या सारख्याच' म्हणतो, ऐकू नका. नशिबाने १९५५पासून शेवरले बारा व्होल्टची झाली. तरी साठ वॅटचा भार जुन्या स्विचवर टाकू नका, रिले लावाच, म्हणजे दिव्याचा मोठा प्रवाह स्विचमधून न जाता त्यातून जातो.

मग भिंतीवर झोत जुळवायचा. टायरमध्ये हवा नीट, जमीन सपाट, गाडी भिंतीपासून दहा मीटर अंतरावर, तोंड भिंतीकडे. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची रेघ ओढायची आणि लो बीमची कड तिच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची. एका स्क्रूने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने आडवा. दिवा धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू वेगळे, ते पिळत बसू नये. काका मात्र अजून म्हणतात, 'पिवळा उजेडच बरा होता.'