एक पडला की सगळे गेले

१९९१चा जुलै, सातवी 'ब'. कळव्याच्या बाजूला रुळांवर पाणी चढलं की कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या शिक्षकांचे तास रिकामे जायचे. गणिताच्या बाई मात्र इथेच, ठाण्यातल्या नौपाड्यात राहायच्या. पाऊस कितीही लागो, बाई हजर. हे आमचं मोठं दुःख.

त्या दिवशी वर्गात जेमतेम तीसजण होतो. बाई आल्या आणि म्हणाल्या, "उभे राहा सगळे." आम्हाला वाटलं, शिक्षा.

"फासा आहे का कोणाकडे?" कोणाकडे असणार? एकाने नव्या खोडरबरावर पेनाने ठिपके काढून दिले. बाईंनी ते चार-पाचदा टाकून बघितलं. दरवेळी आडवंच पडायचं, रुंद बाजू वर. "हा लबाड आहे," म्हणून त्यांनी ते परत केलं आणि बालवर्गातून सापशिडीचा फासा मागवला. त्याच्या एका कोपऱ्यावर कुणा पोराचे दात उमटलेले होते.

खेळ असा: सगळे उभे. मॉनिटर कंपासपेटीच्या झाकणात फासा खुळखुळवून टाकणार. दोन ते सहापैकी काही पडलं की उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेवढे गुण. पुढचं दान पडण्याआधी वाटेल तेव्हा खाली बसायचं. बसलात की त्या डावातले गुण तुमचे. पण एक पडला की जे उभे आहेत त्यांचे त्या डावातले सगळे गेले. असे पाच डाव.

पहिल्या डावात पाच, सहा, चार, सहा. एकवीस! अर्धा वर्ग धडाधड बसला. मी उभाच. आणखी तीन. आणि मग एक. वहीतला चोवीस मी इतका जोरात खोडला की पान फाटलं.

शेजारी बसणारा खारीगावचा मित्र पाचही डाव शांत. एरवी गणितात तो माझ्याच रांगेतला, म्हणजे काठावर पास. पण वीस झाले की खाली. कुणी हसो, कुणी 'घाबरट' म्हणो. ठाण्याला उतरायचं तर मुलुंडलाच उठून दारात जायचं, तसं त्याचं. माझं उलट: "इतका वेळ एक आला नाही, म्हणजे आता नशीब जोरात आहे." मागच्या बाकावरचा म्हणायचा, "इतका वेळ आला नाही, म्हणजे आता येणारच." बाईंनी दोघांनाही एकच विचारलं, "फाशाला मागचं आठवतं का रे?"

शेवटी फळ्यावर हिशेब झाला. तुमच्याकडे वीस आहेत आणि सहा दानांत प्रत्येक आकडा एकदा पडला असं धरा. दोन, तीन, चार, पाच, सहा मिळून मिळतात वीस. एक पडला तर जातात वीस. फिटंफाट. विसाच्या आत उभं राहण्यात फायदा, विसाच्या पुढे तोटा. मित्राला हे माहीत नव्हतं. "वीस म्हणजे पुष्कळ झाले की," एवढंच त्याचं म्हणणं.

परवा स्मरणिकेच्या बैठकीसाठी जुन्या वर्गात जमलो. बाकांत आता मांड्या मावत नाहीत. कुणीतरी फासा आणलाच होता. तेवीस झाले. तो खारीगावचा पठ्ठ्या कधीच बसला होता. पाच पडला, अठ्ठावीस. गुडघे कुरकुरत होते, आणि मी अजून उभाच होतो.