मॅमथचा दात आणि हुपरीचं कोंदण

पहिला तुकडा मी जाळला. खरंच जाळला. चांदीचं कोंदण करून त्यात मॅमथचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदाचा, दात (सुळ्याचा तुकडा) बसवला, झकास दिसत होता, मग लक्षात आलं की मागची कडी लावायची राहूनच गेली, आणि हात पडला चांदीवाल्या हुपरी गावचा, तो कशाला थांबून विचार करतोय, उचलला गॅसचा टॉर्च आणि लागले झाळायला. डेंटिस्ट दाढ कोरतो तेव्हा जो वास येतो ना, तस्साच वास दोन सेकंदात अख्ख्या गॅरेजमध्ये, आणि तुकड्याची कड काळी पडून टिचली. कमीत कमी दहा हजार वर्षं जमिनीत टिकलेला दात माझ्याकडे एक दुपार टिकला नाही.

तर मी राहते अलास्कात, फेअरबँक्सला. आमच्या आप्पांची सगळी हयात हुपरीत चांदीकाम करण्यात गेली, पैंजण, जोडवी, तेच बघत मोठी झाले. इथे आल्यावर थंडीत सहा महिने करायचं काय म्हणून गॅरेजात टेबल टाकलं, आणि मग इथल्या बाजारात पहिल्यांदा मॅमथचा दात हातात घेतला आणि झालं, अडकलेच. मॅमथ हा अलास्काचा अधिकृत राज्य जीवाश्म आहे बरं का, १९८६ पासून. या भागात सोन्याच्या खाणीवाले गोठलेली माती पाण्याच्या फवाऱ्याने धुतात, सोनं खाली खडीत असतं आणि वरच्या मातीतून सुळे निघतात.

फॉसिल म्हणतात पण तो दगड झालेला नसतो. दातच असतो, बर्फात राहिल्यामुळे शाबूत. रंग मात्र मातीचे घेतो, चहासारखा तपकिरी, मधासारखा, आणि कधी कधी सालीवर निळा! तो निळा व्हिव्हिअनाइट नावाच्या खनिजाचा, लोह आणि फॉस्फेट एकत्र आलं की होतं ते. मला आजपर्यंत असा एकच तुकडा मिळालाय, अंगठ्याच्या नखाएवढा, तो विकला नाही आणि विकणार पण नाही.

काम तसं सोपं, चिकाटीचं. बारीक करवतीने कापायचं, कानसीने आकार द्यायचा, मग पॉलिश पेपर २२० नंबरपासून २००० पर्यंत, ओलं करून, मास्क लावून, कारण ती धूळ फुफ्फुसात गेलेली चांगली नाही. आणि कोंदण, कडी, जे काय झाळायचं ते सगळं आधी, तेजाबात धुऊन बिऊन घ्यायचं, दात अगदी शेवटी बसवायचा आणि कड दाबायची. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं मोत्याचं पण तसंच असतंय की, एवढं कळंना व्हय?" हे आधी विचारलं असतं तर तुकडा वाचला असता.

दुसरा शत्रू म्हणजे हीटर. बाहेर उणे ४० (सेल्सिअस का फॅरनहाइट विचारू नका, त्या आकड्याला दोन्ही एकच), आणि घरातली हवा इतकी कोरडी की दार उघडताना कडीला हात लावला तरी चट्कन शॉक बसतो. दात त्या हवेत भेगाळतो. मागच्या वर्षी एक पेंडंट परत आलं, मधोमध चीर, बाईंनी ते रात्रभर हीटरवर ठेवलं होतं. पैसे परत केले, काय करणार, कार्डावर तसं लिहिलं नव्हतं ही माझीच चूक.

कार्डावरून आठवलं. सुरुवातीला मी हौसेने छापलं होतं, इंडियन कारागिराने हाताने घडवलेलं. शेजारच्या स्टॉलवरच्या काकू, त्या युपिक, म्हणजे अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी (इथे त्यांना नेटिव्ह म्हणतात), त्यांनी कार्ड वाचलं आणि हसत हसत सांगितलं की बाई हे बदल. कारण इथे १९९० चा कायदा आहे, नेटिव्ह नसताना माल इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह लोकांनी केलाय असं भासवून विकायचं नाही. आता मी इंडियनच आहे की, पण कोलंबसच्या चुकीचा हिशोब माझ्या कार्डावर! तेव्हापासून नुसतं हुपरी, महाराष्ट्र, असं लिहिते. वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्याला तर मी हात पण लावत नाही. ताजा वॉलरसचा सुळा घडवून विकायचा हक्क १९७२ च्या कायद्याने फक्त अलास्का नेटिव्ह लोकांना आहे, आणि जुना पुरलेला असला तरी ती त्यांची कला, त्यात आपण घुसू नये असं मला वाटतं.

विकताना पहिला प्रश्न ठरलेला, हत्ती मारला का? मग मी जवळ ठेवलेली आडवी कापलेली चकती दाखवते. तिच्यावर जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा असतात, श्रेगर रेषा, बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन मॅमथमध्ये ९० अंशांच्या आत आणि हत्तीमध्ये ११५ च्या वर. लोक भिंग घेऊन बघतात, पोरं तर रांग लावतात. पण पॉलिश केलेल्या छोट्या मण्यात हे दिसेलच असं नाही, आणि म्हणूनच हत्तीचा दात मॅमथ म्हणून खपवणारे असतात. त्यामुळे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने २०१४ मध्ये हस्तिदंत विकण्यावर मॅमथसकट बंदी आणली, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१६ पासून. माझी न्यू जर्सीतल्या एडिसनची मैत्रीण रुसून बसली, तिला कानातले हवे होते. राग येतो, पण खरं सांगू, बंदी घालणाऱ्यांचं मला पटतं. माझा धंदा बसला तरी चालेल पण माझ्या नावाआडून कुणी हत्ती मारायला नको.

भारतात तर प्रश्नच मिटलाय. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आयात हस्तिदंतावरच्या बंदीत मॅमथचा दात पण आला. म्हणजे हुपरीच्या पद्धतीने घडवलेलं हे कोंदण हुपरीत विकायचं म्हटलं तर गुन्हा. नेऊन दाखवायची पण माझी हिंमत नाही, एअरपोर्टवर श्रेगर रेषा कुणाला समजावत बसू?

म्हणून सगळं व्हिडिओ कॉलवर. परवा नवीन पेंडंट कॅमेऱ्यासमोर धरलं, मधाच्या रंगाचं, कडेला चांदीचा बारीक रवा. आईला रंग आवडला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाला लावला, बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"डावीकडनं कोंदण जाड झालंय," म्हणाले. "कानस मार."

बघितलं तर खरंच झालं होतं.