लिपस्टिकमधला गहू

मला सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा आजार आहे आणि मी पोळी खात नाही, हे आता सगळ्या परिचितांना पाठ झाले आहे. तरीही भेटवस्तू म्हणून क्रीम किंवा लिपस्टिक देताना बहुतेक जणी घुटमळतात आणि ‘यातला गहू तुम्हाला चालतो का?’ असे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निदान झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी न्हाणीघरातले फडताळ जवळजवळ रिकामे केले होते. ‘ट्रिटिकम व्हल्गेर’ हे गव्हाचे आणि ‘हॉर्डियम व्हल्गेर’ हे बार्लीचे लॅटिन नाव असते, तर ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ म्हणजे केस मऊ राहावेत म्हणून घातलेले, तुकडे केलेले गव्हाचे प्रथिन, हे मला तेव्हा बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचता वाचता समजले. त्या कचऱ्यातल्या निम्म्याहून अधिक बाटल्या मी उगाचच फेकल्या, हे कळायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

सीलिअ‍ॅकमध्ये लहान आतड्याच्या अस्तराची जी हानी होते, ती ग्लूटेन पोटात गेल्यामुळे होते. धडधाकट त्वचेवर लावलेल्या शांपूतले किंवा लोशनमधले प्रथिन तिथवर पोहोचत नाही. या आजाराशी निगडित असलेला त्वचारोग, म्हणजे कोपर, गुडघे आणि नितंबांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड आणणारा डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, हासुद्धा खाल्लेल्या ग्लूटेनमुळेच होतो; म्हणून पुरळ दिसताच क्रीमला दोष देण्याआधी ताट तपासावे. गव्हाची अ‍ॅलर्जी हा मात्र निराळा आजार आहे, आणि तिथे त्वचाही निर्धोक वाट नाही. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन असलेला एक साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना अशी अ‍ॅलर्जी जडली होती आणि त्यानंतर गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावरही त्यांना त्रास होऊ लागला.

ओठांची गोष्ट वेगळी, कारण तिथे लावलेले थोडे तरी पोटात जातेच. युरोपातल्या सुरक्षा-मूल्यमापनात लिपस्टिकचा रोजचा वापर सुमारे ५७ मिलिग्रॅम धरतात. समजा, ती सगळी गिळली गेली आणि तिच्यात एक टक्का गव्हाचे प्रथिन असले, तरी पोटात जाणार अर्धा मिलिग्रॅम आणि वर थोडे. दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन बहुतेक रुग्णांना बाधत नाही असे मानले जाते, आणि एका पोळीत ते दोन-तीन ग्रॅम असते; ग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. तरीही लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट आणि माउथवॉश मी वाचूनच घेते, कारण ही वाट थेट तोंडाची आहे आणि गहू नसलेला पर्याय सहज मिळतो. हाताला लावायचे क्रीमही मी याच यादीत धरते, कारण मी भाकरी हातानेच मोडते.

लहान मुलाला सीलिअ‍ॅक असेल, तर माझा सल्ला अधिक कडक असतो. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि घरगुती उटण्यातही काही जणी गव्हाचा कोंडा घालतात. अंगाला लागलेली ती कणीक बोटांवाटे तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? अशा घरात मसूरडाळीचे किंवा हरभऱ्याचे पीठ वापरावे, आणि ते दळणाऱ्या गिरणीत आधी गहू पडला होता का, हेही विचारावे.

खरे सांगायचे तर, मला बाधणारा लपलेला गहू न्हाणीघरात कधी नव्हताच. तो पोळपाटाच्या चिरेत, तिंबताना हवेत उडणाऱ्या पिठात आणि मैद्याच्या आधाराने बांधलेल्या हिंगात होता. तेव्हा तुम्ही आणलेला शांपू निश्चिंतपणे द्या. लिपस्टिक असेल तर तिचे खोकेही सोबत द्या; घटकांची यादी बहुधा त्यावरच छापलेली असते.